केगसाठी सीओटू कोल्हापुरात कुठून घ्यायचा? गॅसची नको, सिलिंडरची चौकशी करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. काही वर्षं जर्मनीत राहून तुम्ही कोल्हापुरात परत आलात. येताना 19 लिटरचे दोन स्टीलचे केग (दाब सोसणारी बंद पिंपं), नळ आणि तिकडचा रेग्युलेटर सामानात घालून आणलात. तिकडे घरी बिअर करत होता, इथं गाडी सीओटूवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसवर अडलीय. उद्यमनगरातला वेल्डिंगवाला म्हणतो, "पाहिजे तेवढा नेवा." फायर एक्स्टिंग्विशरवाला साडेचार किलोचं भरलेलं सिलिंडर द्यायला तयार आहे. सोडावाला 'मालक आल्यावर या' म्हणून टोलवतोय. यातलं कुठलं चालेल, असं तुम्ही विचारलंय.

मी सोळा वर्षं शिरोलीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला होतो. गेली आठ वर्षं घरच्या मागच्या शेडमध्ये आल्याचा सोडा आणि कोंबुचा (आंबवलेल्या चहाचं पेय) केगमध्ये भरून दोन-चार कॅफेंना देतो. म्हणजे हा गॅस मी दोन्ही बाजूंनी पाहिलाय, वाळूवर मारताना आणि पिण्याच्या पाण्यात विरघळवताना. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी बिअरचं बोलून मोकळा होतो. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. 'घरापुरतंच केलं', 'पाचच लिटर केलं' ही सबब चालत नाही. त्यामुळे बिअरच्या रेसिपीत मी तुम्हाला मदत करणार नाही. पण तुमचे केग त्यासाठी अडगळीत टाकायची गरज नाही. आल्याचा सोडा, कोकम सोडा, साधा थंडगार सोडा हे सगळं त्याच केगमधून, त्याच नळातून झकास निघतं आणि गॅसचा हिशोबही तोच. पुढचं सगळं हे धरून वाचा. विकायचं ठरवलंत तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागेल, तो वेगळा विषय.

आता मुद्द्याचं. कोल्हापुरात सीओटूचा तुटवडा नाही. पुण्या-मुंबईतल्या हौशी लोकांना जेवढी शोधाशोध करावी लागते तेवढीही इथं लागत नाही, आणि त्याचं कारण आपल्या फाउंड्र्या. साच्याचा कोर, म्हणजे आत बसणारा वाळूचा गाभा करताना वाळूत सोडियम सिलिकेट मिसळतात आणि वरून सीओटू मारतात. काही सेकंदांत वाळू दगडासारखी घट्ट होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठेही जा, भिंतीला साखळीनं बांधलेले हे सिलिंडर दिसतीलच. त्यात फॅब्रिकेशनवाल्यांच्या सीओटू वेल्डिंगची भर. म्हणजे तुम्हाला गॅस मिळणार, आजही मिळेल. खरी अडचण पुढे आहे: जो सिलिंडर तुमच्या हातात पडेल तो याआधी कुणाकडे होता?

हे नीट समजावून सांगतो, कारण इथंच बहुतेक जण फसतात. दुकानदार सांगतो, "साहेब, 99.9 टक्के शुद्ध आहे." तो खोटं बोलत नाही. पण उरलेला 0.1 टक्का म्हणजे दहा लाखांत एक हजार भाग. पेयांसाठीच्या सीओटूचे आंतरराष्ट्रीय निकष पाहिलेत तर गंधकाची सगळी संयुगं मिळून दहा लाखांत 0.1 भाग, अ‍ॅसिटाल्डिहाइड 0.2 भाग आणि बेंझिन 0.02 भाग एवढीच मर्यादा आहे. म्हणजे 99.9 हा आकडा वेल्डिंगच्या आणि पिण्याच्या दोन्ही गॅसवर छापता येतो. फरक त्या शेवटच्या हजार भागांत काय आहे यात आहे. वेल्डिंगला त्याचं सोयरसुतक नसतं, तुमच्या जिभेला असतं.

गॅसचा उगमही बघा, गंमत आहे. मळीपासून अल्कोहोल करताना जेवढं अल्कोहोल तयार होतं, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा सीओटू निघतो. 180 ग्रॅम ग्लुकोजमागे 92 ग्रॅम अल्कोहोल आणि 88 ग्रॅम गॅस. काही डिस्टिलऱ्या तो गोळा करतात, पाण्यानं धुतात, कोळशातून गाळतात आणि द्रवरूप करून विकतात. खताच्या कारखान्यांत अमोनिया करतानाही तो मोठ्या प्रमाणात निघतो. कुठूनही आला तरी नीट साफ केला तर तो चांगलाच असतो. टँकरपर्यंत मालाबद्दल मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती टँकरमधून सिलिंडरमध्ये उतरल्यानंतरची.

वर्कशॉपमध्ये सिलिंडर कसा वापरतात ते मी सोळा वर्षं पाहिलंय. प्रेशर शून्यावर येईपर्यंत ओढायचा, मग व्हॉल्व्ह तसाच अर्धा उघडा टाकून कोपऱ्यात लोळवायचा. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा आत शिरते. आत ओल अधिक सीओटू म्हणजे सौम्य आम्ल आणि आम्ल अधिक लोखंड म्हणजे गंज. त्यात कुणाचं तेलकट हँडग्लोव्ह व्हॉल्व्हच्या तोंडाला लागलेलं असतं. हा सिलिंडर एजन्सीकडे जातो, भरतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातो. ते गिऱ्हाईक कोरवाला असेल तर काही बिघडत नाही. तुम्ही असाल तर बिघडतं.

माझंच उदाहरण. सुरुवातीला फाउंड्रीतल्या ओळखीनं एका सप्लायरकडून अदलाबदलीचा सिलिंडर आणला. त्याचा भाव चांगला होता आणि ओळखही होती. पहिला केग आल्याच्या सोड्याचा. आलं सातारी, लिंबू घरचं, पाणी गाळलेलं. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून नळ उघडला तर पहिल्या घोटाला मागं काहीतरी रॉकेलसारखं. बायकोनं ग्लास नाकाजवळ नेला आणि न पिता ठेवला. तरी मी आल्यावर खापर फोडलं, मग पाइपवर फोडलं, नवीन पाइप घातला. शेवटी नुसत्या पाण्यात गॅस मारून बघितला, तर तोच वास. एकोणीस लिटर मोरीत ओतले. सप्लायरचा दोष होता असं मी म्हणत नाही. त्यानं वेल्डिंगचा गॅस वेल्डिंगचा म्हणूनच दिला होता.

तेव्हापासून नव्या सिलिंडरची पहिली परीक्षा मी पाण्यावर घेतो आणि तुम्हीही घ्या. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्या, सोड्याचीच असू दे, कारण ती दाब सोसते. साध्या पाण्याची पातळ बाटली नको आणि काचेची तर अजिबात नको. त्यात तीन चतुर्थांश थंड गाळलेलं पाणी भरा. बाटली दाबून वरची हवा काढा, केगची क्लिप बसणारं झाकण लावा, दोन बारवर (बार हे दाबाचं माप) गॅस सोडा आणि अर्धा मिनिट खळखळ हलवा. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग झाकण हळू सैल करा आणि निघणारा पहिला फुत्कार नाकाजवळ घ्या. नाकात झणझणलं पाहिजे, डोळ्यात पाणी आलं तरी हरकत नाही, तो सीओटूचा स्वभावच आहे. पण त्यामागं सडक्या अंड्याचा, तेलाचा, रबराचा किंवा कुजकट फळाचा वास आला तर सिलिंडर परत. ग्लासात ओतून वरून उजेडात बघा, तेलाचा तवंग इंद्रधनुष्यासारखा चमकतो. ही परीक्षा पुरेशी आहे का? नाही. बेंझिनसारखी भानगड एवढ्या कमी प्रमाणात नाकाला कळत नाही. म्हणून वासाची परीक्षा ही नापास करण्यासाठी वापरा, पास करण्यासाठी कागद मागा. कागद म्हणजे गॅस बनवणाऱ्याचं अ‍ॅनालिसिस सर्टिफिकेट, ज्यावर पेयासाठीचा किंवा फूड ग्रेड असा उल्लेख आणि बॅच असते.

आता तुमच्या तिन्ही दुकानांकडे येतो.

वेल्डिंगवाला. वर सांगितलं ते सगळं इथं लागू आहे, शिवाय आणखी एक भानगड आहे. वेल्डिंगला बऱ्याच ठिकाणी आरगॉन आणि सीओटूचं मिक्स वापरतात. पोरगं घाईत तोच सिलिंडर लावून देऊ शकतं. आरगॉन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तुम्ही आठवडाभर दाब देत बसाल आणि सोडा पाण्यासारखाच राहील. आणि त्यांचा रेग्युलेटर उसना घेऊ नका. तो प्रवाह मोजतो, मिनिटाला किती लिटर ते. आपल्याला दाब धरून ठेवायचा असतो. त्यांच्या रेग्युलेटरला वायर आणि हीटर दिसेल, कारण एवढ्या वेगानं गॅस सोडला की रेग्युलेटर गोठतो. केगला गॅस इतका सावकाश जातो की हीटरची गरज पडत नाही.

फायर एक्स्टिंग्विशरवाला. ह्याला माझं स्पष्ट नाही. आग विझवायच्या सिलिंडरात व्हॉल्व्हपासून तळापर्यंत एक नळी असते, कारण त्याला गॅस नव्हे तर द्रव बाहेर फेकायचा असतो. तो उभा ठेवून त्यावर रेग्युलेटर चढवलात तर द्रव सीओटू थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो. मी हे एका मित्राच्या शेडमध्ये पाहिलंय. दहा सेकंदांत पितळ पांढरंफटक झालं, आतला डायफ्राम (दाब सांभाळणारा पडदा) कडक झाला आणि कमी दाबाचा काटा सरळ टोकाला जाऊन चिकटला. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला म्हणून केग वाचला. 'उलटा टांगून वापरू' असले जुगाड सुचतील, करू नका. आतली नळी काढायला व्हॉल्व्ह उघडावा लागतो आणि ते काम घरचं नाही.

सोडावाला. तुम्ही टोलवला गेलात, पण माणूस हाच बरोबर आहे. कोल्हापुरात सोड्याच्या गाड्यांची आणि बाटल्या भरणाऱ्यांची कमी नाही. गोटी सोडा आता पुन्हा फॅशनमध्ये आलाय. ती गोटीची बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं 1872 मध्ये पेटंट केली होती, आणि आपल्याकडं आजही लोक ती अंगठ्यानं फोडायला रांग लावतात. मुद्दा हा की सोडा भरणारा माणूस रोज स्वतःच्या गिऱ्हाइकाच्या तोंडात हा गॅस घालतो. वास आला तर संध्याकाळपर्यंत त्याचा धंदा बसेल. त्यामुळे त्याचा सप्लायर चाळून घेतलेला असतो. त्याच्याकडून गॅस मागू नका, तो कशाला देईल? त्याला सप्लायरचं नाव विचारा. सकाळी गर्दी नसताना जा, एक सोडा प्या, मग विचारा. मला माझा सप्लायर असाच मिळाला. एवढं मात्र खरं की सोडावाल्याचाही सिलिंडर सोवळा असतो असं नाही. दाब गेलेल्या सिलिंडरात सरबताचं पाणी उलटं ओढलं गेल्याचे किस्से मी ऐकलेत. म्हणून पाण्याची परीक्षा तिथंही सोडू नका.

सप्लायर सापडला की त्याच्याकडे दोन पद्धती असतात. एक, अदलाबदल: डिपॉझिट भरा, त्याचा सिलिंडर न्या, रिकामा आणून द्या, दुसरा भरलेला घ्या. सोयीचं आहे, पण दर वेळी नवा इतिहास घरी येतो. दुसरी, स्वतःचा सिलिंडर विकत घ्या आणि तोच भरून आणा. यात दोन-चार दिवस वाट बघावी लागते. मी दुसरीच पद्धत सांगेन. साडेचार-पाच किलोचा, आत नळी नसलेला, नवा सिलिंडर कागदपत्रांसह घ्या आणि 'हाच परत पाहिजे' असं सप्लायरला आधी बजावा. खांद्यावर ऑइलपेंटनं आपली खूण करून ठेवा. माझ्या सिलिंडरवर मुलीनं पिवळा ससा काढलाय, तो एजन्सीतल्या पोरांच्या लक्षात राहतो आणि कधी हरवत नाही. तो कधीच पूर्ण रिकामा करू नका. दोन-तीन बार उरले की व्हॉल्व्ह बंद आणि भरायला. आत दाब असला की बाहेरची हवा शिरत नाही. ही एवढी सवय लावलीत तर गंजाचा निम्मा प्रश्न संपला.

घेताना रंगावर जाऊ नका, रंग कुणीही मारतो. खांद्यावर कोरलेली अक्षरं वाचा, लागलं तर हात फिरवून वाचा. टीडब्ल्यू म्हणजे रिकामं वजन. डब्ल्यूसी म्हणजे आत किती लिटर पाणी मावेल ते. सीओटू साधारण त्याच्या दोन तृतीयांश किलो भरतात, म्हणजे 6.75 लिटरच्या सिलिंडरात साडेचार किलो. त्यापेक्षा 'थोडा जास्त मारून देतो' असं कुणी प्रेमानं म्हणालं तर त्याला नमस्कार करा आणि निघा, कारण उन्हाळ्यात त्या जास्तीच्या गॅसला फुगायला जागा राहत नाही. शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाच्या चाचणीची) तारीखही कोरलेली असते. पाच वर्षं उलटून गेली असतील तर आधी टेस्ट. हे सगळे नियम 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांत आहेत आणि त्यांची अंमलबजावणी पाहणारं पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्य कार्यालय नागपुरात आहे. त्याच नियमांत भरलेला सिलिंडर दुचाकीवरून नेण्याला मनाई आहे. अ‍ॅक्टिवाच्या पायाशी सिलिंडर ठेवून जाणारे रोज दिसतात, तरीही. आणि मोठ्या सिलिंडरातून लहानात घरी गॅस उतरवणं हेही बेकायदा आहे. त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, बघून शहाणपणा करू नका.

तुमच्या जर्मन रेग्युलेटरबद्दल चांगली बातमी. माझ्याकडे लोकांनी आणलेले युरोपातले सीओटू रेग्युलेटर आपल्या व्हॉल्व्हवर बसलेत. अमेरिकेहून आणलेले बसत नाहीत, त्यांचे आटे वेगळे. तरी घरी नेण्याआधी दुकानातच लावून बघा. नट हातानं दोन-तीन आटे अलगद फिरला पाहिजे. पान्याचा जोर लावावा लागला तर ते आटे जुळलेले नाहीत. नायलॉनचा वॉशर दर वेळी नवा घाला, दोन-चार खिशात ठेवा.

किती गॅस लागेल हे तुम्ही विचारलं नाहीत, पण कुठून घ्यायचा हे त्यावरच ठरतं. मी आल्याचा सोडा साधारण साडेतीन व्हॉल्यूमवर ठेवतो, म्हणजे एक लिटर पेयात साडेतीन लिटर गॅस. 19 लिटरमध्ये विरघळायला 130 ग्रॅम लागतात. फ्रिजमध्ये 4 अंशाला दीड बारवर नळातून शेवटच्या ग्लासपर्यंत ढकलायला आणखी 90 ग्रॅम. भरण्याआधी केगमधली हवा हाकलायला चाळीस-पन्नास. म्हणजे एका केगला साधारण 270 ग्रॅम धरा. साडेचार किलोत पंधरा-सोळा केग. महिन्याला एक केग काढलात तर वर्षभर पुरेल. हळुवार फेस हवा असेल, अडीच व्हॉल्यूमचा, तर 0.8 बार पुरतो आणि वीसच्या वर केग निघतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे दाबाच्या तक्त्यापेक्षा 0.06 बार जास्त ठेवावा असं कुणी काटेकोर माणूस सांगेल. बरोबर आहे, पण आपल्या काट्याची चूक त्याहून मोठी असते.

ह्याच हिशोबानं बघा: सोडा मेकरच्या 8 ग्रॅमच्या काडतुसांवर एक मोठा केग चालवायचा तर चौतीस काडतुसं लागतील. वाढदिवसाला चार लिटरचा छोटा केग काढायचा असेल तर सात-आठ काडतुसांत काम होतं आणि सिलिंडरची कटकटच नाही. घरी महिनोन्महिने केग लागणार नसेल तर प्रामाणिकपणे मी हेच सुचवेन.

'गुळानं किंवा साखरेनंच फेस आणू, गॅस कशाला' असंही कुणी म्हणेल. गुळाच्या गावात राहून मीही ते केलं. चालतं, लिटरला चार ग्रॅम साखरेमागे एक व्हॉल्यूम गॅस बंद केगमध्ये तयार होतो. पण यीस्ट गॅसबरोबर अल्कोहोलही करतं. दोन व्हॉल्यूम गॅस साखरेतून आणलात की पेयात अर्ध्या टक्क्याच्या जवळ अल्कोहोल आलं, आणि 0.5 टक्क्याच्या पुढे आपल्याकडे ते पेय मद्यात मोजलं जातं. कोंबुचा विकणाऱ्याला ही रेघ फार जवळची आहे. म्हणून मी आंबवणं थांबवून, थंड करून, बाहेरून गॅस देतो. माझ्या शेडमध्ये सिलिंडर आहे तो मुख्यतः या कारणासाठी.

आता उन्हाळा. सिलिंडरात सीओटू द्रवरूपात असतो आणि वरचा दाब फक्त तापमानावर ठरतो. 20 अंशाला 57 बार, 30 ला 72. मग किती शिल्लक आहे ते मोठ्या काट्यावर कळत नाही. अर्धा असो की भरलेला, काटा तोच दाखवतो, आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. 31 अंशाच्या वर तर आत द्रव आणि वायू असा भेदच राहत नाही. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे तीच अवस्था असते. म्हणून शिल्लक मोजायची ती वजनानं. भंगारवाल्याकडे असतो तसला ताणकाटा घ्या, सिलिंडर टांगा, टीडब्ल्यू वजा करा. उन्हात ठेवू नका, भरून आणताना बंद गाडीत ठेवून चहाला थांबू नका.

शेवटचं, आणि हे वरवर वाचू नका. सिलिंडर घरात कुठं ठेवणार आहात? पाच किलो गॅस गळून गेला तर तो जवळजवळ 2.8 घनमीटर जागा व्यापतो. दहा बाय दहाची खोली साधारण 25 घनमीटरची. दारं-खिडक्या बंद असतील तर हवेत दहा टक्क्यांच्या वर सीओटू झाला. चार टक्क्यांपासूनच जिवाला धोका मानतात, दहाला माणूस काही मिनिटांत कोसळतो. वास नाही, रंग नाही आणि हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साठतो. सांगलीजवळ हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती. पेव उघडलं की माणसं लगेच उतरत नसत. तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. तोच हा गॅस. म्हणून सिलिंडर बेडरूममध्ये नाही, तळघरात नाही, फ्रिजशेजारच्या कोंदट कोपऱ्यात नाही. व्हरांड्यात, गॅलरीत सावलीत, साखळीनं भिंतीला बांधून उभा. पाइप तेवढा आत न्या. केग वापरून झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, दर वेळी.

सोमवारी सोडावाल्याकडे जाताना रेग्युलेटर, नवा वॉशर आणि ती एक लिटरची बाटली पिशवीत घेऊन जा. त्यानं दिलेल्या सप्लायरकडे गेल्यावर पहिला प्रश्न भावाचा विचारू नका, 'आत नळी आहे का' हा विचारा. तो गोंधळला तर दुसरीकडे चला. त्यानं विचारलं, "कशासाठी पाहिजे, प्यायला की वेल्डिंगला?" तर तिथं बसून चहा घ्यायला हरकत नाही.